दोन दुर्गम विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: हिशेब स्वतः कसा मांडायचा

कुठल्याही संकेतस्थळावर दोन विमानतळांची नावं टाकली की क्षणात उत्तर येतं: इतके किलोमीटर, इतके तास. मोठ्या शहरांच्या बाबतीत ते उत्तर बऱ्यापैकी जमून जातं. पण एक टोक पॅसिफिकच्या मधोमध आणि दुसरं ध्रुवाजवळ असलं, तर अंतराचा आकडा बहुधा बरोबर निघतो आणि वेळेचा बहुधा चुकतो. कारण ही संकेतस्थळं सहसा अंतराला एका ठरावीक वेगाने भागून मोकळी होतात. तिथे कोणतं विमान उतरू शकतं, वारा कुठून वाहतो, उतरता आलं नाही तर विमान कुठे जाईल, यातलं काहीच त्या भागाकारात नसतं.

म्हणून हा हिशेब स्वतःला मांडता आला पाहिजे. शाळेतली त्रिकोणमिती थोडी आठवत असेल आणि हाताशी स्प्रेडशीट किंवा सायंटिफिक कॅल्क्युलेटर असेल तर पुरे. मुख्य उदाहरण पॅसिफिकमधल्या, चिली देशाच्या ईस्टर बेटाचं घेतलं आहे. मुद्दा तिथे स्पष्ट होत नसेल तेव्हा इतर ठिकाणं येतील.

विमानतळ नक्की तोच आहे ना?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. ‘ख्रिसमस आयलंड’ या नावाची दोन बेटं आहेत आणि दोन्हींवर विमानतळ आहे. एक हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतलं. त्याचा कोड एक्ससीएच. दुसरं किरिबाती देशातलं किरितिमाती, पॅसिफिकमधलं. त्याचा कोड सीएक्सआय. दोघांमधलं अंतर सुमारे १०,८०० किमी आहे. नावावर विसंबून पुढचा सगळा हिशेब केला तर तो मुळातच दुसऱ्या महासागरात जाऊन पडतो. सिडनीचंही तसंच: ऑस्ट्रेलियातलं सगळ्यांना माहीत असतं, कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातलं कुणाच्या लक्षात नसतं.

तेव्हा नावाऐवजी कोडने शोधा. तिकिटावर दिसतो तो तीन अक्षरी आयाटा कोड. वैमानिक आणि हवाई नियंत्रक वापरतात तो आयकाओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, चार अक्षरी कोड. दुर्गम भागातल्या काही धावपट्ट्यांना आयाटा कोडच नसतो, म्हणून आयकाओ कोड मिळाला तर तोच धरावा. त्याच्या पहिल्या एक-दोन अक्षरांवरून प्रदेशही कळतो, आणि चुकीचं बेट निवडलं असेल तर इथेच लक्षात येतं.

अक्षांश-रेखांश नीट उतरवून घ्या

विमानतळाचं स्थान दोन पद्धतींनी लिहिलेलं असतं: अंश-मिनिटं-सेकंदांत किंवा दशांश अंशांत. ईस्टर बेटाच्या मातावेरी विमानतळाचं स्थान २७ अंश ९ मिनिटं ५३ सेकंद दक्षिण, १०९ अंश २५ मिनिटं १८ सेकंद पश्चिम असं दिलेलं सापडेल. हे दशांशात आणायचं तर मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागून अंशांत मिळवायचं. म्हणजे २७ + ०.१५ + ०.०१५ = २७.१६५. इथे घाईत २७.०९५३ असं लिहिण्याची चूक फार जण करतात. तेवढ्याने विमानतळ जवळजवळ आठ किलोमीटर सरकतो. लांबच्या उड्डाणात ते खपून जाईल, पण जवळच्या दोन बेटांमधलं अंतर काढताना नाही.

दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे धरायचे, आणि हे चिन्ह विसरणं सगळ्यात महागात पडतं. दोन्ही ख्रिसमस बेटांचंच बघा. एकाचा रेखांश १०५.६९ पूर्व, दुसऱ्याचा १५७.३५ पश्चिम. किरितिमातीचं उणे चिन्ह राहून गेलं तर १०,८०० किमीच्या जागी जेमतेम ५,९०० किमी उत्तर येतं. आकडा अगदी पटण्यासारखा दिसतो, म्हणूनच चूक सापडत नाही. उत्तर आल्यावर एकदा पृथ्वीगोलावर बोट ठेवून ते पटतं का ते पाहावंच.

अंतर: सपाट नकाशा बाजूला ठेवा

गोलावरच्या दोन बिंदूंमधला सगळ्यात जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. बृहद्वृत्त म्हणजे ज्याचा मध्य पृथ्वीच्या केंद्राशी असतो असं वर्तुळ. भिंतीवरच्या नकाशावर हा मार्ग वाकडा दिसतो आणि नकाशावरची सरळ रेघ प्रत्यक्षात लांब पडते. विषुववृत्ताजवळ हा फरक किरकोळ असतो, ध्रुवाकडे तो डोळे विस्फारायला लावतो.

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातला लाँगइयरब्येन विमानतळ ७८.२५ अंश उत्तरेला आहे. अलास्काच्या उत्तर टोकावरचं उटकिआग्विक, ज्याचं जुनं नाव बॅरो, ते ७१.२९ अंश उत्तरेला. नकाशावर एक उजवीकडे, एक पार डावीकडे. होकायंत्राची एकच दिशा धरून नकाशावरच्या सरळ रेघेने गेलं तर सुमारे ५,००० किमी पडतात. बृहद्वृत्ताने ध्रुवाच्या जवळून गेलं तर सुमारे ३,३८०. टोकं तीच, आणि फरक सोळाशे किलोमीटरचा, म्हणजे जेट विमानाचे जवळजवळ दोन तास.

आता सूत्र. मी कायम अर्ध्या कोनांचं सूत्र वापरतो, कारण जवळच्या अंतरांतही ते दगा देत नाही. केवळ कोसाइनवर चालणारं सूत्र लहान असतं, पण दोन विमानतळ अगदी शेजारी असले तर साध्या कॅल्क्युलेटरवर त्यातली अचूकता हरवते. पायऱ्या अशा:

क = अक्षांशांतल्या फरकाचं निम्मं, त्याची साइन, तिचा वर्ग.
ख = रेखांशांतल्या फरकाचं निम्मं, त्याची साइन, तिचा वर्ग.
ग = क + (पहिल्या अक्षांशाची कोसाइन × दुसऱ्या अक्षांशाची कोसाइन × ख).
कोन = २ × आर्कसाइन (ग चं वर्गमूळ). आर्कसाइन म्हणजे साइनवरून उलटा काढलेला कोन.

हा कोन अंशांत असेल तर त्याला १११.१९५ ने गुणलं की किलोमीटर मिळतात. स्प्रेडशीटला मात्र कोन रेडियनमध्ये लागतात, तेव्हा प्रत्येक अंशाला आधी ०.०१७४५३३ ने गुणा आणि शेवटी आलेल्या कोनाला थेट ६,३७१ ने गुणा. ही पृथ्वीची किलोमीटरमधली सरासरी त्रिज्या. अंश आणि रेडियन यांची सरमिसळ झाली की उत्तर लगेच भलतंच येतं, त्यामुळे ही चूक निदान लपत नाही.

मातावेरी ते ताहितीवरचं पापीते करून बघू. पापीतेचं स्थान १७.५५४ दक्षिण, १४९.६०६ पश्चिम. दोन्ही टोकं दक्षिणेला आणि पश्चिमेला, म्हणजे चिन्हांची भानगड नाही. अक्षांशांतला फरक ९.६११, त्याचं निम्मं ४.८०५५, त्याची साइन ०.०८३७७, वर्ग ०.००७०२. हा झाला क. रेखांशांतला फरक ४०.१८५, निम्मं २०.०९२५, साइन ०.३४३५४, वर्ग ०.११८०२. हा ख. दोन कोसाइन ०.८८९७० आणि ०.९५३४३, त्यांना ख ने गुणलं की ०.१००११. म्हणून ग = ०.१०७१३, वर्गमूळ ०.३२७३१, आर्कसाइन १९.१०५ अंश, दुप्पट ३८.२१ अंश. गुणिले १११.१९५, म्हणजे सुमारे ४,२४९ किमी.

विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैल) मोजतात, आणि ते एकक इथे फार सोयीचं आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, म्हणून एका अंशाला ६० सागरी मैल. ३८.२१ ला ६० ने गुणलं की २,२९३. कागदावरच ताळा होतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांशी किंचित चपटी आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाशी ६,३५७. त्यामुळे वरच्या सूत्रात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक राहते. ४,२४९ किमीत ती वीस-एकवीस किमी, म्हणजे जेटचं दीड मिनिट. वेळेचा अंदाज काढताना त्याची चिंता करू नये. पुढे येणारी वाऱ्याची अनिश्चितता त्याच्या कित्येक पट आहे.

विमान त्या रेघेवरून जातं का?

जवळपास, पण अगदी तंतोतंत नाही. निघताना आणि उतरताना धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसा असतो, ठरलेल्या हवाई मार्गांना धरून जावं लागतं, कधी वादळ टाळावं लागतं. मोकळ्या महासागरावर मी बृहद्वृत्ताच्या अंतरात दोन-तीन टक्के मिळवतो, आणि शंभर-दोनशे किमीच्या उड्डाणात सरळ वीस-पंचवीस किमी.

दुर्गम मार्गांवर आणखी एक बंधन असतं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन वाटेत बंद पडलं, तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक वेळात गाठता येईल असा विमानतळ कायम आवाक्यात असावा लागतो. मूळ मर्यादा ६० मिनिटांची. त्यापलीकडे १२०, १८० किंवा त्याहून जास्त मिनिटांची खास परवानगी विमान आणि कंपनी दोघांनाही मिळवावी लागते. तिला ईटॉप्स म्हणतात. एका इंजिनावर ६० मिनिटांत जेट साधारण ७४० किमी जातं. चिलीची राजधानी सांतियागो ते ईस्टर बेट हे अंतर सुमारे ३,७५० किमी, म्हणजे मध्यावर विमान दोन्ही टोकांपासून पावणेएकोणीसशे किमीवर असतं. ६० मिनिटांच्या मर्यादेत हे उड्डाण होऊच शकत नाही. परवानगी कमी मिनिटांची असेल तर विमानाला बृहद्वृत्त सोडून एखाद्या विमानतळाच्या बाजूने वाकून जावं लागतं आणि अंतर वाढतं. मार्गाच्या रेघेभोवती किती विमानतळ आहेत हे नकाशावर पाहिलं तर वाकणं कुठे पडेल याचा अंदाज येतो.

कोणतं विमान उतरतं हे धावपट्टी ठरवते

वेळेच्या हिशेबात सगळ्यात मोठी चूक इथे होते: बेट कुठलंही असो, वेग मोठ्या जेटचा धरला जातो. आधी धावपट्टीची लांबी पाहा. मातावेरीची धावपट्टी सुमारे ३,३०० मीटर आहे. अमेरिकेच्या अंतराळयानाला आणीबाणीत उतरता यावं म्हणून ती १९८७ मध्ये वाढवली, आणि त्यामुळे एवढ्याशा बेटावर रुंद, लांब पल्ल्याची जेट विमानं उतरतात. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाची १,९५० मीटर, तिथे एम्ब्राएर १९० हे मध्यम आकाराचं जेट येतं. कॅरिबियनमधल्या साबा बेटाची धावपट्टी सुमारे ४०० मीटर, तिथे ट्विन ऑटरसारखं छोटं विमानच चालतं.

धावपट्टी बदलली की प्रवासच बदलतो, याचं ताजं उदाहरण ग्रीनलंडची राजधानी नूक. नोव्हेंबर २०२४ पर्यंत तिथली धावपट्टी इतकी आखूड होती की युरोपातून येणारं मोठं विमान कांगरलुसुआकला उतरायचं आणि प्रवासी पंख्याच्या विमानाने पुढे जायचे. २,२०० मीटरची नवी धावपट्टी सुरू झाल्यावर थेट उड्डाण शक्य झालं. अंतर एका किलोमीटरनेही बदललेलं नाही.

स्थिर हवेतले, रोजच्या वापरातले वेग साधारण असे धरावेत:

ट्विन ऑटर: ताशी २७०–३०० किमी
सेसना कॅराव्हॅन: ३००–३४०
एटीआर ७२: ५००–५१०
डॅश ८, ४०० मालिका: ६२०–६६०
एअरबस ए३२०, बोइंग ७३७, एम्ब्राएर १९०: ८२०–८४०
बोइंग ७८७: ९००

माहितीपत्रकातला कमाल वेग धरू नका. रोजच्या उड्डाणात इंधन वाचवण्यासाठी त्याहून थोडं कमी वेगाने जातात.

वेळ: आधी जमिनीवरची मिनिटं, मग वारा

जेटला वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि उतरायला तेवढीच. त्या काळात वेग कमी असतो, म्हणून पूर्ण वेगाच्या तुलनेत पंधरा-वीस मिनिटं वाया जातात. त्यात दोन्हीकडचं जमिनीवरचं चालणं मिळवा. सोपा नियम असा: अंतर भागिले वेग, अधिक अर्धा तास. एक टोक मोठा, गजबजलेला विमानतळ असेल तर चाळीस मिनिटं. पंख्याच्या विमानाला वीस-पंचवीस, ट्विन ऑटरला दहा-बारा. छोट्या विमानतळावर गर्दी नसते, पण धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमान टोकापर्यंत नेण्याचा वेगळा रस्ताही, बहुधा नसतो. विमान धावपट्टीवरूनच उलट दिशेने चालत टोकाला जातं आणि तिथे वळतं. चार-पाच मिनिटं त्यात जातात.

अगदी छोट्या टप्प्यांना हा नियम लावू नये. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर २.७ किमी आहे आणि वेळापत्रकात त्याला दोन मिनिटं दिलेली असतात. तिथे विमान पूर्ण वेग घेतच नाही.

वाऱ्याकडे मात्र सावकाश पाहायला हवं. वाऱ्याची दिशा तो जिथून येतो त्यावरून सांगतात: २७० अंशांचा वारा म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा. विमानाची दिशा मात्र ते जिकडे जातं तिकडची. हे उलटसुलट झालं की समोरचा वारा मागचा होऊन बसतो. दोन्हींमधला कोन काढा आणि वाऱ्याच्या वेगाला त्या कोनाच्या कोसाइनने गुणा. वारा नाकासमोर असेल तर पूर्ण, ३० अंश बाजूला असेल तर ०.८७, ६० अंशांवर निम्मा, ९० अंशांवर शून्य. पूर्ण बाजूचा वाराही विमानाला नाक किंचित तिरपं ठेवायला लावतो आणि थोडा वेग खातो, पण अंदाजात तो सोडून द्यायला हरकत नाही.

वारा पाहायचा तो विमानाच्या उंचीचा. ऑनलाइन वाऱ्याच्या नकाशांवर उंची हेक्टोपास्कलमध्ये, म्हणजे हवेच्या दाबाच्या एककात, निवडता येते; आकडा जितका कमी, तितकी उंची जास्त. जेटसाठी २५० हेक्टोपास्कल, म्हणजे सुमारे दहा-साडेदहा किलोमीटर. एटीआरसारख्यांसाठी ५०० ते ४००, ट्विन ऑटरसाठी ७०० किंवा त्याखालची पातळी. मार्गावरच्या तीन ठिकाणचा वारा घ्या, सुरुवात-मध्य-शेवट, आणि सरासरी काढा. मध्यम अक्षांशांत वरचा वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो आणि हिवाळ्यात जोर धरतो. जेट प्रवाह म्हणतात त्या उंचावरच्या जोराच्या वाऱ्याच्या पट्ट्याच्या गाभ्यात तो ताशी २०० किमीच्याही वर जातो.

सांतियागो ते ईस्टर बेट घेऊ. ३,७५० किमी, बोइंग ७८७, वेग ९००. वारा नसता तर दोन्हीकडे ४ तास १० मिनिटं. आता सरासरी ८० किमीचा पश्चिमेचा वारा धरा. जाताना जमिनीसापेक्ष वेग ८२०, म्हणून ४ तास ३४ मिनिटं; परतताना ९८०, म्हणून ३ तास ५० मिनिटं. सांतियागो मोठा विमानतळ, म्हणून चाळीस मिनिटं मिळवली की जाताना सव्वापाच तास, येताना साडेचार. वेळापत्रकातही जाण्याचा वेळ परतीपेक्षा चांगला अर्धा-पाऊण तास जास्त दिसतो. एकच ‘उड्डाणवेळ’ सांगणारं संकेतस्थळ ही गोष्ट सांगतच नाही.

हळू विमानांना वारा जास्त छळतो. ट्विन ऑटरचा वेग २८०, अंतर ५६० किमी, वारा ६०. समोरून आला तर २ तास ३३ मिनिटं, मागून आला तर १ तास ३९. जाऊन-येऊन ४ तास १२ मिनिटं. वारा नसता तर ४ तास. मागचा वारा जेवढं देतो त्याहून समोरचा जास्त काढून घेतो, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवतं.

थोडं विषयांतर, पण सोडवत नाही. समुद्रावर काही बिघडलं तर मागे फिरायचं की पुढे जायचं, हे ठरवणारा बिंदू अंतराच्या मध्यावर नसतो. एकूण अंतराला परतीच्या वेगाने गुणायचं आणि दोन्ही वेगांच्या बेरजेने भागायचं: ३,७५० × ९८० ÷ १,८०० = सुमारे २,०४० किमी. म्हणजे निम्मं अंतर संपून दीडशेहून जास्त किलोमीटर पुढे गेलं तरी सांतियागोला परतणं लवकरचं ठरतं, कारण परतताना वारा पाठीशी असतो.

पर्यायी विमानतळ नसेल तेव्हा

साधारण उड्डाणात उतरायची अडचण आली तर शेजारचा विमानतळ असतो. मातावेरीला एकच धावपट्टी आहे आणि पश्चिमेला सगळ्यात जवळची विमानसोय गांबिए बेटांतल्या तोतेगेगीला, सुमारे २,६०० किमीवर. अशा एकाकी विमानतळासाठी आयकाओचे वेगळे नियम आहेत: जेट विमानाने तिथे पोहोचल्यावर नेहमीच्या वेगाने साधारण दोन तास उडता येईल एवढं इंधन राखून ठेवायचं, आणि परतीचा शेवटचा बिंदू ओलांडण्यापूर्वी तिथल्या हवामानाची खात्री करून घ्यायची.

याचा वेळेशी थेट संबंध आहे. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, आणि वजन जमत नसेल तर वाटेत थांबा. सेंट हेलेनाचं उदाहरण मला यातलं सगळ्यात बोलकं वाटतं. विमानतळ २०१६ मध्ये सुरू व्हायचा होता, पण धावपट्टीच्या टोकाशी वाऱ्याच्या वेगात आणि दिशेत अचानक होणाऱ्या बदलांमुळे ते लांबलं आणि नियमित सेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली. जोहान्सबर्गहून निघालेली एअरलिंक या विमान कंपनीची विमानं बेटाकडे जाताना नामिबियात इंधनासाठी थांबत आली आहेत, आधी विंडहूकला, नंतर वॉल्व्हिस बे इथे. बेटावर उतरता आलं नाही तर आफ्रिकेपर्यंत परतायला इंधन हवं.

आता अंतर पाहा. जोहान्सबर्ग ते सेंट हेलेना थेट सुमारे ३,६८० किमी. जोहान्सबर्ग ते वॉल्व्हिस बे सुमारे १,४२०, तिथून बेट सुमारे २,२६०. बेरीज तीच! वॉल्व्हिस बे बृहद्वृत्ताच्या जवळजवळ रेघेवरच आहे. अंतर वाढलं नाही, पण वेळ? ताशी ८२० च्या वेगाने थेट जायला पाच तास. थांब्यासह पहिला टप्पा सव्वादोन तास, दुसरा सव्वातीन, मध्ये जमिनीवर पाऊण-एक तास: एकूण सव्वासहा ते साडेसहा. सव्वा-दीड तासाचा हा फरक अंतराच्या कुठल्याही सूत्रातून निघत नाही.

आणि इतकं करूनही वाऱ्यामुळे किंवा खाली आलेल्या ढगांमुळे विमान बेटावरून मागे फिरल्याचे प्रसंग तिथे घडले आहेत. अशा ठिकाणी पुढचं जोडविमान त्याच दिवशीचं घेऊ नये, मध्ये किमान एक मोकळा दिवस ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

घड्याळ आणि वार

वेळापत्रकातल्या वेळा स्थानिक असतात, म्हणून दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणायच्या आणि मगच वजाबाकी करायची. ईस्टर बेट चिलीच्या मुख्य भूमीपेक्षा दोन तास मागे आहे. सांतियागोहून सकाळी ९ ला निघून दुपारी १२.१५ ला पोहोचल्याचं दिसलं तर उड्डाण सव्वातीन तासांचं नाही, सव्वापाच तासांचं आहे. फरक नेहमी पूर्ण तासांचाच असतो असंही नाही: चॅटहॅम बेटांचं घड्याळ न्यूझीलंडच्या मुख्य भूमीपेक्षा ४५ मिनिटं पुढे आहे.

वाररेषा ओलांडताना वारही तपासा. सामोआतला आपिया आणि अमेरिकन सामोआतला पागो पागो यांच्यात जेमतेम १५० किमी आणि ट्विन ऑटरने चाळीसेक मिनिटं. पण सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवस गाळून वाररेषेची बाजू बदलली. आता आपिया यूटीसीच्या १३ तास पुढे, पागो पागो ११ तास मागे. आपियाहून सोमवारी सकाळी १० ला निघालात, म्हणजे यूटीसीप्रमाणे रविवारी रात्री ९. चाळीस मिनिटांनी उतरलात, तिथे रविवार सकाळचे १०.४०. हॉटेलचं आरक्षण करताना लोक नेमके इथे फसतात.

थेट विमान नसेल तर

लाँगइयरब्येन ते उटकिआग्विक ३,३८० किमी आहे म्हणून कुणी चार-साडेचार तासांत पोहोचत नाही, कारण असं नियमित विमानच नाही. दोन दुर्गम टोकांच्या बहुतेक जोड्यांचं असंच असतं. तेव्हा दर टप्प्याचं अंतर आणि वेळ वेगवेगळा काढून बेरीज करा, मग थांबे मिळवा. एकूण वेळ बहुधा उड्डाणापेक्षा वाट पाहण्याने ठरतो: आठवड्यात विमानं किती, कोणत्या वारी, आणि आधीचं विमान त्या वारी जोडलं जातं का. स्कॉटलंडच्या बॅरा (Barra) नावाच्या बेटावर तर धावपट्टी म्हणजे समुद्रकिनाराच आहे, आणि विमानांच्या वेळा भरती-ओहोटी पाहून ठरतात. अशा ठिकाणी वेळापत्रक महिन्याचं नव्हे, नेमक्या तारखेचं पाहावं.

ताळा

आलेलं उत्तर प्रत्यक्ष उड्डाणांशी ताडून पाहा. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर मागच्या काही दिवसांच्या निघण्या-पोहोचण्याच्या वेळा मिळतात. जाणारी आणि येणारी उड्डाणं वेगळी लिहा, दोघांची सरासरी एकत्र करू नका. तिथली वेळ चाकं जमिनीवरून उचलल्यापासूनची आहे की गेटपासूनची, हेही बघा. दहा-वीस मिनिटांचा घोळ इथूनच होतो. महासागरावर जमिनीवरच्या रिसीव्हरला विमान दिसत नाही, तेव्हा नकाशावरची मधली सरळ रेघ बऱ्याचदा अंदाजाने ओढलेली असते. तिच्यावरून मार्गाचं अंतर मोजू नका, फक्त वेळा घ्या.

तुमचा अंदाज आणि खरी वेळ यांच्यात पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त फरक आला तर आधी वारा तपासा, मग विमानाचा प्रकार, मग वाटेतला थांबा. दोन्ही दिशांना सारखाच फरक पडत असेल तर वारा नाही, वेग किंवा जमिनीवरची मिनिटं चुकली आहेत. एका दिशेला जास्त आणि दुसरीला कमी पडत असेल तर वाराच.